देवावर भार ठेवून राज्य करणाऱ्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी

ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार हे काम एकट्यादुकट्याचे नसते. कोणी रोख देणगी देतो, कोणी बैलगाडी नाही तर ट्रॅक्टर देतो, कोणी अंगमेहनत करतो, तर कोणी माउली आपल्या डब्यातील साठविलेले चार पैसे नाव न सांगता पेटीत टाकते. काम एकदा सुरू झाले की चिंताही सुरू होते. वर्गणी पुरी पडेल काय, पावसाळ्यापूर्वी गाभारा झाकला जाईल काय, कळस चढलेला आपल्या डोळ्यांनी दिसेल काय, असे प्रश्न गावाला पडतात. घरोघरीही तीच स्थिती असते. पेरणी झाली आणि पाऊस गेला, मुलीचे लग्न ठरले आणि हातात पैसा नाही, घरातील कर्ता माणूस अंथरुणाला खिळला, अशा वेळी रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही. वडीलधारी माणसे सांगतात की देवावर भार ठेवावा. परंतु देवावर भार ठेवणे म्हणजे हातपाय गाळून बसणे नव्हे. ते काय असते हे पाहावयाचे असेल तर पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या चरित्राकडे पाहावे. देशभर मंदिरे, घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधणाऱ्या या साध्वीचे स्मरण जीर्णोद्धाराच्या मंगल प्रसंगी करणे उचितही आहे.

जन्म आणि विवाह

अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या खेड्यात झाला. हे गाव जामखेड तालुक्यात आहे. ज्या अहमदनगर जिल्ह्यात ते येते, त्या जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर करण्यात आले. त्यांचे वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील होते. घराणे धनगर समाजातील, साधे, देवाधर्माचे. त्या काळी मुलींना शिकविण्याची चाल नव्हती, तरी माणकोजींनी आपल्या मुलीस लिहावाचावयास शिकविले, असे सांगतात.

माळव्याचे सुभेदार मल्हारराव होळकर एकदा लष्करासह जात असता चौंडीस उतरले आणि तेथील देवळात दर्शनास आलेली ही लहानगी मुलगी त्यांच्या नजरेस पडली, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. मल्हारराव स्वतः गरिबीतून, मेंढरामागून वर आलेले. माणसाची पारख त्यांना पक्की होती. त्यांनी या मुलीस आपला एकुलता एक पुत्र खंडेराव याजकरिता मागणी घातली आणि १७३३ च्या सुमारास विवाह झाला. खेड्यातील पाटलाची लेक होळकरांच्या दौलतीची सून झाली.

सासू गौतमाबाई करारी होत्या. त्यांच्या हाताखाली अहिल्यादेवी घरचा व खासगीचा कारभार शिकल्या. सासऱ्यांनी त्यांना हिशेब, वसुली, पत्रव्यवहार, फौजेची बेगमी या गोष्टी दाखविल्या. १७४५ साली पुत्र मालेराव आणि १७४८ साली कन्या मुक्ताबाई, अशी दोन अपत्ये झाली. येथवर सर्व सुरळीत चालले होते. पुढे मात्र एकामागून एक असे आघात आले की त्यातील एकही साधारण माणसाला मोडून टाकण्यास पुरेसा होता.

कुंभेरीचा घाव

१७५४ साली मराठ्यांनी सुरजमल जाटाच्या कुंभेरीच्या किल्ल्यास वेढा घातला होता. मार्च महिन्यात वेढ्याच्या कामात असता किल्ल्यावरून आलेला गोळा लागून खंडेराव ठार झाले. अहिल्यादेवींचे वय त्या वेळी अवघे २८ वर्षांचे होते. त्या काळच्या चालीप्रमाणे त्या सती जाण्यास निघाल्या. वृद्ध मल्हाररावांनी डोळ्यात पाणी आणून त्यांना थांबविले. मुलगा गेला, आता सूनही गेली तर या दौलतीचे आणि आपल्या म्हातारपणाचे काय होणार, अशी त्यांची करुणा होती.

अहिल्यादेवींनी सासऱ्यांचे ऐकले. सती जाणे हा त्या काळी धर्म मानला जात होता. तो बाजूस ठेवून जगणे आणि जगून काम करणे हे सोपे नव्हते. लोक काय म्हणतील, परलोकी काय होईल, ही दोन्ही भये त्यांनी महादेवाच्या पायाशी ठेवली. पांढरे वस्त्र अंगावर घेतले, दागदागिने उतरविले आणि सासऱ्यांच्या कामाला हातभार लावू लागल्या. देवावर भार ठेवण्याचा हा त्यांच्या आयुष्यातील पहिला मोठा प्रसंग म्हणता येईल.

पुढे १७६१ साली पानिपतचा प्रलय झाला. त्याच वर्षी गौतमाबाई गेल्या. मल्हारराव थकत चालले होते, परंतु उत्तरेतील मोहिमा संपत नव्हत्या. मल्हाररावांनी सुनेस लिहिलेली १७६५ सालची पत्रे उपलब्ध आहेत. त्यावरून असे दिसते की चंबळ ओलांडून ग्वाल्हेरकडे तोफखाना घेऊन जाणे, दारूगोळ्याची तजवीज ठेवणे, अशी कामे ते निःशंकपणे सुनेवर सोपवीत होते. ज्या काळात थोरामोठ्यांच्या स्त्रिया पडद्याबाहेर येत नसत, त्या काळात हे घडत होते.

पुत्राचे दुखणे

२० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हारराव वारले. सुभेदारीची वस्त्रे मालेरावांस मिळाली. परंतु त्यांचे चित्त ठिकाणावर नव्हते. सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने १८१८ नंतर माळव्यात राहून जुन्या माणसांकडून पुष्कळ माहिती गोळा केली आणि ती १८२३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्याने नोंदविले आहे की मालेरावांनी संशयावरून एका निरपराध कारागिराचा जीव घेतला आणि मागाहून त्याचे निरपराधित्व कळल्यावर त्यांना वेड लागले. त्या मृताने आपल्याला झपाटले आहे असे त्यांना वाटे आणि लोकांचाही तसाच समज होता.

अहिल्यादेवी दिवसरात्र मुलाच्या बिछान्याशी बसून राहिल्या. मेलेल्या कारागिराच्या नावे देऊळ बांधू, त्याच्या मुलाबाळांस इनाम देऊ, परंतु माझ्या लेकराला सोड, अशी विनवणी त्यांनी केली. त्या विनवणीचा उपयोग झाला नाही. गादीवर येऊन वर्ष पुरे होण्यापूर्वीच, १७६७ साली, मालेराव वारले.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. इतकी शिवभक्त बाई, जन्मात कोणाचे वाईट चिंतिले नाही, आणि तिने मागितलेली एवढी एक गोष्ट देवाने दिली नाही. अशा वेळी पुष्कळ माणसांची श्रद्धा उडते. नवस फळला तर देव खरा, नाही फळला तर देव खोटा, असा आपला रोकडा हिशेब असतो. अहिल्यादेवींनी असा हिशेब मांडला नाही. पती, सासू, सासरे, पुत्र, सर्व गेले, तरी त्यांची पहाटेची पूजा एक दिवस चुकली नाही. देव मागितले ते देईल म्हणून त्या पूजा करीत नव्हत्या. जे पुढे येईल ते सोसण्याचे बळ त्या पूजेतून त्यांना मिळत होते.

शिप्रेच्या काठचे संकट

मालेरावांच्या मागे वारस नव्हता. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी असा सल्ला दिला की दूरच्या नात्यातील एखादे लहान मूल दत्तक घ्यावे, बाईंनी नेमणूक घेऊन देवधर्म करीत स्वस्थ राहावे आणि कारभार दिवाणांनी पाहावा. वरकरणी हा सल्ला विधवा बाईच्या सोयीचा दिसत होता. परंतु त्यात दौलत दुसऱ्याच्या हाती जात होती. अहिल्यादेवींनी तो साफ नाकारला. एकाची पत्नी आणि दुसऱ्याची माता या नात्याने वारस निवडण्याचा हक्क आपला आहे, ही त्यांची भूमिका होती.

दिवाणांनी मग पेशव्यांचे चुलते रघुनाथराव ऊर्फ राघोबादादा यांस माळव्यात बोलाविले. दादासाहेब फौज घेऊन उज्जैनच्या बाजूस आले. घरात एकामागून एक मृत्यू झालेले, पदरी ना पती ना पुत्र, आणि दारात फौज. याहून मोठी चिंता ती कोणती!

अहिल्यादेवींनी काय केले ते पाहण्याजोगे आहे. त्यांनी रडतभाकत दिवस घालविले नाहीत आणि देवच पाहून घेईल म्हणून स्वस्थही बसल्या नाहीत. त्यांनी शिंदे, भोसले, गायकवाड यांस पत्रे पाठविली. पुण्यास माधवराव पेशव्यांकडे सर्व हकीकत कळविली. होळकरांच्याच कुळातील विश्वासू सरदार तुकोजी होळकर यांस फौजेसह सज्ज केले. स्वतः लढाईस उभे राहण्याची तयारी केली. स्त्रियांचे पथकही तयार ठेवले होते, अशी आख्यायिका आहे. दादासाहेबांस त्यांनी निरोप पाठविला, तोही प्रसिद्ध आहे. बाईवर जय मिळाला तर त्यात मोठेपणा नाही आणि पराजय झाला तर जगात तोंड दाखविण्यास जागा राहणार नाही, असा त्याचा आशय होता. महादजी शिंदे व जानोजी भोसले यांनी दादासाहेबांस साथ देण्याचे नाकारले. माधवराव पेशव्यांनीही चुलत्यांस परावृत्त होण्याविषयी लिहिले. तुकोजी शिप्रेच्या काठी आडवे उभे होते. शेवटी आपण मालेरावांच्या दुखवट्यासाठी आलो आहोत असे सांगून दादासाहेबांनी वेळ निभावून नेली, आणि अहिल्यादेवींनीही मागचे मनात न ठेवता त्यांचा पाहुणा म्हणून आदरसत्कार केला.

पेशव्यांची मान्यता मिळून १७६७ सालीच दौलतीचा कारभार अहिल्यादेवींच्या हाती आला. फौजेचे काम तुकोजींकडे आणि मुलकी कारभार आपल्याकडे, अशी वाटणी त्यांनी केली. चंद्रचूडांसही पुढे त्यांनी पुन्हा कामावर घेतले. सूड घेण्याची बुद्धी त्यांच्या ठायी नव्हती.

महेश्वरची दिनचर्या

राजधानीसाठी त्यांनी नर्मदाकाठचे महेश्वर निवडले. तेथे आजही किल्ला, विस्तीर्ण घाट, मंदिरे आणि त्यांचा साधा राहता वाडा पाहावयास मिळतो. राजवाडा म्हणून मनात जे चित्र असते, तसे तेथे काही नाही. एखाद्या बड्या पाटलाच्या वाड्यासारखा तो वाडा आहे. तेथील त्यांची बैठकही तशीच साधी आहे.

त्यांच्या दिवसाचा क्रम माल्कमने लिहून ठेवला आहे. पहाटे उजाडण्यापूर्वी घटकाभर उठून स्नानपूजा. त्यानंतर पुराणश्रवण, दानधर्म आणि ब्राह्मणभोजन. मग स्वतःचे जेवण, तेही शाकाहारी व साधे. जेवणानंतर थोडी विश्रांती घेऊन दुपारी सुमारे दोन वाजता दरबारात येत, त्या दिवस मावळेपर्यंत, म्हणजे सहा वाजेपर्यंत बसत. संध्याकाळी दोन-तीन तास पूजाअर्चा व फराळ, आणि पुन्हा रात्री नऊ ते अकरा वाजेपर्यंत कामकाज. उपासतापासाचे व सणाचे दिवस सोडले तर यात फरक पडत नसे.

या क्रमात पूजेला जेवढा वेळ आहे, तेवढाच कामाला आहे. पूजा झाली म्हणून काम टाळले नाही आणि काम पडले म्हणून पूजा टाळली नाही. दरबारात त्या पडदा न ठेवता बसत आणि प्रत्येक फिर्याद स्वतः ऐकत. गोरगरीब रयतेचा अर्जही त्यांच्यापर्यंत पोहोचत असे. आपल्या हाती असलेल्या सत्तेचा जो जो उपयोग आपण करू, त्याचा जबाब देवापुढे द्यावयाचा आहे, ही त्यांची पक्की धारणा होती. राज्य शंकराचे, आपण त्याचे कारभारी, असे त्या मानीत. हुकुमांवर स्वतःच्या नावाऐवजी श्रीशंकर एवढेच नाव त्या घालीत, असे परंपरेने सांगितले जाते.

राज्य आपले नाही, देवाचे आहे, असे एकदा मनापासून मानले म्हणजे चिंतेचे मूळच तुटते. कारभाऱ्याने हिशेब चोख ठेवावा, मालकाची वस्तू जपावी, पुढचे मालकाने पाहावे. चिंता होते ती माझे जाईल, माझे बुडेल, या भावनेने. अहिल्यादेवींचे माझे म्हणावे असे जवळजवळ सर्व देवाने आधीच नेले होते. राहिलेले त्यांनी स्वतःच त्याच्या स्वाधीन करून टाकले.

रयतेचा विसावा

अशा भावनेने चाललेला कारभार कसा होता? सारा हलका होता. गावचे पाटील-कुलकर्णी व जमिनीचे मालक यांचे परंपरेचे हक्क त्यांनी काटेकोरपणे राखले. चांगली माणसे वारंवार बदलली नाहीत. त्यांचे कारभारी गोविंदपंत गानू दीर्घ काळ त्यांच्याच सेवेत होते. इंदूरचे कमाविसदारही वीस वर्षांहून अधिक काळ एकच होते. डोंगरातील भिल्ल वाटसरूंस लुटीत. त्यांचा प्रथम बंदोबस्त केला, आणि मग त्यांच्या मुलखातून जाणाऱ्या मालावर थोडी पट्टी घेण्याचा त्यांचा जुना हक्क मान्य केला. तिला भिलकवडी म्हणत. त्याबदली वाटेचे रक्षण आणि चोरीस गेलेल्या मालाचा शोध ही जबाबदारी त्यांच्यावर टाकली.

निपुत्रिक सावकार मेला की त्याची मालमत्ता सरकारजमा करण्याची चाल पुष्कळ ठिकाणी होती. अहिल्यादेवींनी विधवांचा त्या मालमत्तेवरील व दत्तक घेण्याचा हक्क मान्य केला आणि सरकारी माणसांना त्यात हात घालू दिला नाही. स्वतःवर आलेला प्रसंग त्या विसरल्या नव्हत्या. विणकरांना आश्रय देऊन त्यांनी महेश्वरास हातमागाचा धंदा भरभराटीस आणला. महेश्वरी लुगड्यांचे नाव आजही आहे.

उन्हाळ्यात रस्त्यांवर पाणपोया लागत. थंडीच्या सुरुवातीस गरिबांना कपडे वाटले जात. महेश्वरच्या आसपास भर दुपारी औत चालले असता सरकारी माणूस येऊन औत थांबवी आणि बैलांना पाणी पाजी. पाखरांना शेतकरी हाकलतात, तेव्हा त्यांनीही कोठे तरी निर्भयपणे चरावे म्हणून उभ्या पिकाची शेते विकत घेऊन पाखरांसाठी मोकळी सोडली जात. नदीतल्या माशांचाही त्यांना विसर पडला नाही.

एका विद्वान ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, आपण एवढ्या स्तुतीस पात्र नाही असे सांगितले आणि तो ग्रंथ नर्मदेत सोडण्यास लाविला. कर्त्यास त्यांच्याकडून स्तुतीचे बक्षीस मिळाले नाही. देणगीच्या पाटीवर आपले नाव किती मोठ्या अक्षरात येईल याची ज्याला चिंता वाटते, त्याने ही गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी.

देशभरचे जीर्णोद्धार

अहिल्यादेवींचे राज्य माळव्यात होते, परंतु त्यांचा धर्म माळव्यापुरता नव्हता. काशीचे विश्वेश्वराचे मंदिर औरंगजेबाच्या हुकुमाने १६६९ साली पाडले गेले होते. शंभराहून अधिक वर्षे तेथे मंदिर उभे राहू शकले नव्हते. अहिल्यादेवींनी जुन्या जागेच्या लगत नवे मंदिर बांधविले आणि १७८० साली ते पूर्ण झाले. आज लाखो भाविक ज्या विश्वनाथाचे दर्शन घेतात, ते हेच मंदिर. सोमनाथास मूळ स्थानाजवळ त्यांनी १७८३ साली मंदिर बांधले. समुद्रकाठचे भव्य मंदिर स्वातंत्र्यानंतर उभे राहून १९५१ साली त्याची प्रतिष्ठापना झाली. त्यापूर्वी दीडशेहून अधिक वर्षे सोमनाथाची पूजा अहिल्यादेवींच्या मंदिरात चालू होती. गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ सालचे, तेही त्यांचेच.

आपल्या महाराष्ट्रात वेरूळचे घृष्णेश्वर मंदिर त्यांच्या हातून पुरे झाले. परळीच्या वैजनाथाचा जीर्णोद्धार झाला. पंढरीत होळकर वाडा व राममंदिर उभे राहिले. चांदवडला रंगमहाल आहे. हिमालयातील केदारनाथापासून दक्षिणेस रामेश्वरापर्यंत, पश्चिमेस द्वारकेपासून पूर्वेस जगन्नाथपुरीपर्यंत त्यांच्या नावाची धर्मशाळा, अन्नछत्र, घाट, विहीर किंवा बारव असे काही ना काही आढळते. यातील बहुतेक ठिकाणे होळकरांच्या अमलाबाहेरची होती. तेथून एक पैचा सारा त्यांना मिळणार नव्हता.

हा खर्च त्या खासगीतून करीत. खासगी म्हणजे होळकर घराण्यातील स्त्रियांच्या नावे असलेले स्वतंत्र उत्पन्न. दौलतीचा पैसा फौजेला व कारभाराला, आणि खासगीचा पैसा धर्माला, असा त्यांचा दंडक होता. त्या धनावर त्यांनी तुळशीपत्र ठेवले होते, असे लोक सांगत. तुळशीपत्र ठेवलेल्या पैशाची चिंता कशाला! तो आपला राहतच नाही. फक्त तो ठरलेल्या कामी लागला की नाही, एवढे डोळ्यांत तेल घालून पाहावयाचे. त्यांनी मंदिरे नुसती बांधून सोडून दिली नाहीत. पूजा, नैवेद्य, दिवाबत्ती, झाडलोट, डागडुजी यांसाठी नेमणुका लावून दिल्या. जीर्णोद्धार कळस चढविल्याने संपत नाही, त्यानंतरची दिवाबत्ती हीच खरी कसोटी असते, हे त्या पुरते जाणून होत्या.

शेवटचे आघात

साठी उलटल्यावर तरी त्यांना शांतता लाभावी, असे कोणालाही वाटेल. तसे व्हावयाचे नव्हते. रामपुऱ्याकडील चंद्रावतांची बंडे मोडावी लागली. तुकोजींशी पैशाच्या बाबतीत मतभेद होत. उत्तरेत शिंदे-होळकरांचे वैमनस्य विकोपास जाऊन १७९३ साली लाखेरीच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला.

परंतु खरा घाव घरातच पडला. कन्या मुक्ताबाई यशवंतराव फणसे यांस दिली होती. त्यांचा एकुलता एक मुलगा नथ्याबा हा आजीच्या जिवाचा विसावा होता. तो ऐन तारुण्यात १७९० साली मरण पावला. पुढच्याच वर्षी जावई यशवंतराव वारले. मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला. ज्या अहिल्यादेवींना सासऱ्याने सती जाण्यापासून थांबविले होते, त्यांनी आता लेकीपुढे अक्षरशः लोटांगण घातले. या म्हातारीला एकटी टाकून जाऊ नकोस, अशी काकुळती केली. मुलीने ऐकले नाही. एकदा थांबविण्याचे दान त्यांना स्वतःला मिळाले होते, लेकीला मात्र त्या ते देऊ शकल्या नाहीत. ही चाल किती निर्दय होती, हे या एका प्रसंगावरून कळून येते.

अहिल्यादेवी नर्मदेच्या काठी चितेपर्यंत चालत गेल्या. दोघा ब्राह्मणांनी त्यांचे हात धरले होते. ज्वाला वर चढल्या तेव्हा एवढी धीराची बाई, परंतु तिचा धीर सुटला. त्या किंकाळ्या फोडू लागल्या, हात सोडवून घेण्यासाठी धडपडू लागल्या, स्वतःच्या हातांना दातांनी चावू लागल्या. शेवटी त्या कशाबशा सावरल्या, नर्मदेत स्नान केले आणि वाड्यात परतल्या. तीन दिवस त्यांनी जवळजवळ अन्न घेतले नाही आणि तोंडातून एक शब्द काढला नाही.

हा प्रसंग चरित्रातून गाळता कामा नये. देवावर श्रद्धा असलेल्या माणसाला दुःख होत नाही, तो दगडासारखा असतो, असा काहींचा समज आहे. तो चुकीचा आहे. अहिल्यादेवी आकांत करून रडल्या. देवावर भार ठेवणाऱ्याला रडण्याची मनाई नाही. तीन दिवसांनंतर त्या उठल्या, पुन्हा पहाटेची पूजा, पुन्हा दुपारचा दरबार, पुन्हा रयतेच्या फिर्यादी. लेक-जावयाच्या स्मरणार्थ त्यांनी महेश्वरास सुंदर वास्तू उभारली. श्रद्धेचे बळ पाहावयाचे ते या चौथ्या दिवशी.

निर्वाण आणि स्मृती

१३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे वयाच्या ७१ व्या वर्षी अहिल्यादेवींनी देह ठेवला. २८ वर्षे त्यांनी कारभार केला. त्यांच्या मागे दोनच वर्षांत, १७९७ साली, तुकोजीही गेले आणि होळकरांच्या घरात कलह माजला. माळव्यात पुढे लुटालूट व बेबंदशाही इतकी वाढली की लोक बाईसाहेबांच्या काळाची आठवण काढून हळहळत. माल्कमसारख्या परक्या माणसाने मुद्दाम खोदून खोदून चौकशी केली. स्तुती ऐकून त्यास संशय आला होता. परंतु जसजशी चौकशी वाढली तसतसा त्याचा आदरही वाढत गेला. त्यांच्या प्रजेने त्यांना देवी म्हटले ते काही दरबारी शिरस्ता म्हणून नव्हे.

१९९६ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालतिकीट काढले. इंदूरच्या विद्यापीठास व विमानतळास आणि सोलापूरच्या विद्यापीठास त्यांचे नाव आहे. २०२५ साली त्यांच्या जन्मास ३०० वर्षे पूर्ण झाली. तरी त्यांचे खरे स्मारक कोठे आहे असे विचारले, तर ते काशीच्या घाटावर, वेरूळच्या गाभाऱ्यात आणि आडवाटेच्या त्या बारवेवर आहे, जेथे तहानलेला वाटसरू पाणी पिताना बांधणाऱ्याचे नावही विचारीत नाही.

पती, पुत्र, नातू, जावई, लेक, सर्वांच्या चितांचा धूर त्यांच्या डोळ्यांत गेला. त्या डोळ्यांनी त्यांनी रयतेचे अर्ज वाचले आणि देवळांचे नकाशे पाहिले. चिंता करून एकही गेलेला परत येणार नव्हता. काम करून मात्र हजारो जिवंत माणसांना सावली मिळणार होती. हातून होईल तेवढे करावे, चोख करावे, आणि त्यापुढचे देवावर सोपवून रात्री दिवा मालवावा, एवढाच धडा त्यांच्या चरित्रातून घ्यावयाचा आहे. नांगर धरणाऱ्यास तो जितका उपयोगी आहे, तितकाच दुकानदारास, नोकरदारास आणि घर चालविणाऱ्या गृहिणीसही.

आपल्या देवळाचा जीर्णोद्धार ज्यांच्या घामाने व दानाने होत आहे, ते सर्व ग्रामस्थ व देणगीदार कळत-नकळत अहिल्यादेवींच्याच वाटेने चालले आहेत. कळस चढेल, दिवा लागेल. तो दिवा तेवत ठेवण्याची बुद्धी आणि अडचणीच्या काळी देवावर भार ठेवून हातातले काम न सोडण्याचे बळ ग्रामदैवत सर्वांना देवो, हीच प्रार्थना. पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या पवित्र स्मृतीस त्रिवार वंदन.